सतरा नंबरची विहीर

आदरणीय सर,



गेल्या महिन्यातल्या कार्यशाळेत मी शेवटून दुसऱ्या रांगेत बसले होते. तुम्हीच फोन केला होतात, "ये, जुनी मंडळी भेटतील." विषय होता संशोधनातली नैतिकता. जेवणानंतरचं सत्र, निम्मं सभागृह पेंगत होतं. तेवढ्यात तुम्ही एक स्लाइड लावलीत. एका पेपरचं पहिलं पान. लेखिकेच्या नावावर काळी पट्टी, शीर्षक मात्र उघडं. "ओपन अ‍ॅक्सेसच्या नावाखाली काय चालतं ते बघा," असं म्हणून तुम्ही शीर्षकातल्या स्पेलिंगच्या चुकीवर लेसरचा लाल ठिपका फिरवलात. सभागृह हसलं. पेंगणारेही हसले.

त्या पट्टीखाली माझं नाव होतं, सर.

तुम्हाला ते ठाऊक नसेल, कुणा विद्यार्थ्याने स्लाइड बनवून दिली असेल, अशी समजूत मी बसमध्ये स्वतःची घालत होते. इंदूरच्या भंवरकुआंला उतरेपर्यंत ती टिकली नाही. त्या शीर्षकात खंडवा रोडच्या गावांची नावं आहेत. ती गावं आपण दोघांनी नकाशावर बोट ठेवून निवडली होती. जुन्या मंडळींपैकी दोघांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं, आणि चहाच्या वेळी त्या स्लाइडचा विषय कुणीच काढला नाही. म्हणजे सगळ्यांना कळलं होतं.

हे सगळं तुम्हाला खासगीत लिहिता आलं असतं. पण स्लाइड खासगी नव्हती.

आधी माझा गुन्हा. तो पेपर मी २०१७ साली छापला. तेव्हा मी एका महाविद्यालयात अतिथी विद्वान होते. हा शब्द आपल्या मध्य प्रदेशाने काय विचार करून काढला कोण जाणे. अतिथी म्हणजे जाणारच, आणि विद्वान म्हणजे पगार मागायचा नाही! दर वर्षी नव्याने अर्ज, नव्याने गुणांची बेरीज, आणि त्या बेरजेत छापलेल्या पेपरांना वजन. विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी २०१७ मध्ये मान्यताप्राप्त जर्नलांची यादी काढली होती. त्या यादीतल्या एका जर्नलची मेल मला आली. "डियर एमिनंट रिसर्चर" अशी सुरुवात. एमिनंट! घरी तेव्हा गॅसचं सिलिंडर संपलं होतं.

मी शनिवारी पेपर पाठवला, सोमवारी तो स्वीकारला गेला. कुठल्याही समीक्षकाने त्याला हात लावला नाही हे मला त्याच दिवशी कळलं, कारण एका तक्त्यात मी एकक चुकीचं टाकलं होतं आणि ते तसंच छापून आलं. तीन हजार रुपये मागितले. खातं जर्नलच्या नावाने नव्हतं, कुणा माणसाच्या नावाने होतं. पैसे पोचल्यावर सोनेरी किनारीचं एक प्रमाणपत्र मात्र ताबडतोब आलं. ते मी कधी छापून घेतलं नाही. कळत असून पैसे भरले. त्याला मी दुसरं काही म्हणणार नाही.

२ मे २०१८ ला आयोगाने त्या यादीतून ४,३०५ नावं काढून टाकली. त्यात माझं जर्नलही गेलं. गुण गेले, तीन हजार गेले आणि माझ्या नावाला तो पेपर कायमचा चिकटला. आंतरजालावरचं काही कुजत नाही. तुमच्या स्लाइडपर्यंत तो ताजाच राहिला.

कार्यशाळेत तुम्ही डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१८ मधल्या अभ्यासाचा दाखला दिलात. विद्यापीठांनी शिफारस करून त्या यादीत घुसवलेली १,००९ जर्नलं त्यांनी तपासली आणि त्यातली ८८ टक्क्यांच्या आसपास निकृष्ट निघाली. दाखला बरोबर होता. तो अभ्यास कुठे छापून आला हे मात्र तुम्ही सांगितलं नाहीत. तो आला 'करंट सायन्स'मध्ये. आणि 'करंट सायन्स' भंवरकुआंच्या चौकात उभं राहून, कुणाचीही परवानगी न घेता, एक पैसा न भरता फोनवर वाचता येतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीची स्वतःची जर्नलंही तशीच वाचता येतात. ओपन अ‍ॅक्सेसची, म्हणजे मुक्त प्रकाशनाची, घाण उघडी पाडणारा अभ्यास मुक्त नियतकालिकातच आला होता, सर. हे पोरांना सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं.

तुम्ही दिलेल्या जॉन बोहॅननच्या दाखल्याचंही तसंच. २०१३ साली त्याने 'सायन्स'साठी मुद्दाम चुका पेरलेला एक बनावट पेपर ३०४ ओपन अ‍ॅक्सेस जर्नलांना धाडला आणि १५७ जणांनी तो स्वीकारला. त्या जर्नलांपैकी तिसरा हिस्सा आपल्या देशातला होता, ही लाजही खरी. पण बोहॅननने तो पेपर वर्गणीवाल्या बंद जर्नलांकडे पाठवलाच नव्हता. एकाच गल्लीतली घरं तपासायची आणि चोर याच गल्लीत राहतात म्हणायचं, याला तुम्ही मला प्रयोग म्हणू दिलं नसतंत. "कंट्रोल कुठाय?" असं म्हणून तुम्ही माझी वही परत फेकली असतीत. दोनदा फेकली आहे.

आता दुसरा पेपर. तुमचा-माझा, २०१२ चा. त्यावर स्लाइड नव्हती.

२०१० चा उन्हाळा आठवतो? अर्ध्या लिटरच्या बाटल्या सौम्य आम्लाने धुऊन, उलट्या करून वाळवायच्या, पांढऱ्या चिकटपट्टीवर मार्करने क्रमांक घालायचा, थर्माकोलच्या खोक्यात बर्फ. बर्फ रसवंतीवाल्याकडून घ्यायचा आणि तो म्हणायचा, मॅडम, पाणी थंड करून नेता? पाणी तर आम्ही देतो की! एकेचाळीस विहिरी. माळव्याची काळी जमीन, खाली काळ्या पाषाणाच्या भेगा, वर बटाटा-लसणाला ओंजळी भरभरून युरिया. त्या भेगांतून काय खाली झिरपतं हे आपण मोजत होतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. सतरा नंबरच्या विहिरीचा आकडा त्याच्या इतका वर गेला की तुम्ही मला तीन वेळा चाचणी करायला लावलीत. तिन्ही वेळा तोच.

त्या विहिरीवर एक आजी होत्या. त्यांचा सातेक वर्षांचा नातू बाटल्यांची झाकणं मुठीत धरून माझ्यामागे हिंडायचा. घरात अजून एक बाळ होतं, दोन महिन्यांचं, वरच्या दुधावरचं. आजी चुलीवर पातेल्यात पाणी उकळत होत्या. मला म्हणाल्या, "बच्चे का पानी तो हम उबालके ही लेते हैं, मैडम." अभिमानाने म्हणाल्या. सरकारी बाईंनी शिकवलं होतं त्यांना, आणि त्यांनी ते नेमाने पाळलं होतं.

नायट्रेट उकळून जात नाही. पाणी आटतं, नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. तान्ह्या बाळाच्या रक्तातली प्राणवायू वाहायची ताकद ते कमी करतं, मूल निळं पडतं. हे तुम्हीच मला शिकवलं होतंत. मी प्रयोगशाळेत येऊन तुम्हाला सांगितलं, त्या घरी आकडा कळवायला हवा. तुम्ही म्हणालात, "पेपर येईपर्यंत आकडे बाहेर जाता कामा नयेत. कुणी आधी छापलं तर दोन वर्षं पाण्यात जातील." मी पुढच्या फेरीला आजींच्या कानात एवढंच पुटपुटले, बाळासाठी हापशाचं पाणी घ्या. का, ते सांगितलं नाही. त्यांनी विचारलं, "हमारे कुएं का क्या निकला?" मी म्हटलं, छापून आलं की आणून देते.

आलं छापून. परदेशी जर्नल, नाव मोठं, तुम्ही विभागात पेढे वाटलेत. स्वामित्वहक्क त्यांच्या नावे करून देणाऱ्या फॉर्मवर तुम्ही सही केलीत. दोघांनीही तो वाचला नाही. माझं विद्यापीठाचं लॉगिन तेव्हा चालू होतं, एक प्रत काढून गावात नेता आली असती. नेली नाही. "आता कॉपीराइट त्यांचा आहे, प्रती वाटत सुटू नकोस," या तुमच्या वाक्याला मी घाबरले हे एक. दुसरं असं की मला नोकरी शोधायची होती, आणि विहिरी माझ्या डोक्यातून गेल्या. तेवढा दोष माझ्या पदरात ठेवते.

आता मी भंवरकुआंला शिकवते हे तुम्ही कार्यशाळेत माझी ओळख करून देताना सांगितलंत, किंचित थांबून. "आमची ही सध्या कोचिंगमध्ये असते." त्या थांबण्यात काय होतं ते मला कळलं, असो. इथे लोकसेवा आयोगाची मुलं येतात, झाबुआ, बडवानी, खरगोनपासून. भोलाराम उस्ताद मार्गावर मजल्यामजल्याला 'लायब्ररी'च्या पाट्या आहेत. तुम्ही आत कधी गेला नसाल. आत पुस्तक एकही नाही. प्लायवुडचे खुराडे, प्रत्येकात खुर्ची, प्लग, वाय-फाय, मान मोडेल अशा जागी एसी. महिन्याच्या भाड्याने बसायची जागा मिळते, तिला इथे लायब्ररी म्हणतात. मी पहिल्यांदा हसले होते. मग वाटलं, बरोबरच आहे, या मुलांपर्यंत कुठलं ग्रंथालय पोचलंय? जवळ वाय-फाय आहे, तेच ग्रंथालय.

तिथल्या एका खुर्चीवरून उठून या वर्षी एक मुलगा माझ्याकडे आला. माझ्याच वर्गातला, पर्यावरणाचा तास झाल्यावर रेंगाळला. "मैडम, आपने पहचाना नहीं. ढक्कन मैं पकड़ता था."

बाळ ठीक आहे, सर. दहावीला आहे. मी आधी तेच विचारलं. आजी गेल्या. विहीर चालू आहे.

त्याने गावाचं नाव टाकून शोध घेतला होता आणि आपला पेपर त्याला सापडला होता. ग्रामसभेत त्याने विहिरीच्या पाण्याचा विषय काढला तेव्हा कुणीतरी म्हणालं, लेखी काही असेल तर आण. म्हणून तो लेखी शोधत होता. त्याने फोन माझ्यापुढे धरला. शीर्षक, तुमचं नाव, माझं नाव, दहा ओळींचा गोषवारा, खाली कुलपाचं चित्र, आणि कुलपाखाली किंमत, चाळीस डॉलरच्या जवळपास. माझ्याकडे पाहून तो म्हणाला, "आपने ही तो लिखा है. आपके पास भी नहीं है?"

मला काही सुचेना. मी म्हटलं, उद्या सांगते.

त्याच रात्री मी तुम्हाला मेल लिहिली. उद्धट वाटू नये म्हणून चारदा वाचली. जर्नलने छापलेलं पान आपण कुठे चढवू शकत नाही, पण समीक्षेनंतर स्वीकारलेला आपला मसुदा ठेवता येतो. जर्नलांची धोरणं देणाऱ्या संकेतस्थळावर आपल्या जर्नलचा नियम मी पाहिला आहे, थांबायची मुदत कधीच उलटली. आपल्याच देशाच्या जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागांनी डिसेंबर २०१४ मध्ये धोरण काढून सांगितलं आहे की त्यांच्या निधीतून झालेल्या कामाचे मसुदे असे खुल्या भांडारात ठेवा. मेलमध्ये कलमंबिलमं घातली. तुम्ही दुसऱ्या दिवशी एका ओळीत उत्तर दिलंत. "अशा फुकट ठिकाणी टाकून पेपरची किंमत घालवू नकोस."

पंधरा दिवसांनी तुमचा कार्यशाळेचा फोन आला.

किंमत या शब्दापाशी मी अडले आहे. तुमच्या खोलीतली पत्र्याची पेटी आठवते मला. तिच्यात तुमच्या विद्यार्थिदशेतली रिप्रिंट्स होती, पिवळी पडलेली, काहींवर परदेशी लेखकांच्या सह्या. तुम्ही सांगायचात, विभागात जर्नल यायचं नाही, मग कुठल्यातरी सूचीत नाव सापडलं की त्या लेखकाला पोस्टकार्ड टाकायचं, कृपया आपल्या अमुक लेखाची प्रत पाठवावी. चाळीस पोस्टकार्डं टाकली की दहा-अकरा उत्तरं यायची. त्यातल्या एकाच्या पाकिटावरचं तिकीटसुद्धा तुम्ही जपून ठेवलं होतं. ती माणसं फुकट प्रत पाठवत होती, सर. टपालखर्च स्वतःचा घालून. त्यांच्या पेपरांची किंमत तेव्हा गेली का? तुमचा प्रबंध त्या फुकटावर उभा राहिला.

आणि नंतरचं तर आपण कुणाला सांगतच नाही. पोस्टकार्डांच्या जागी साय-हब आलं, कुलपामागचे पेपर फुकट देणारं संकेतस्थळ. कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यानने २०११ मध्ये ते सुरू केलं, आणि वर्षभरात तुमचा निरोप यायला लागला, "ही यादी, उद्यापर्यंत तेवढं बघ." मी रात्री बसून उतरवायची, सकाळी पेनड्राइव्ह तुमच्या टेबलावर. तीन बड्या प्रकाशकांनी डिसेंबर २०२० मध्ये त्यावर दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये ते भारतात बंद करायचा आदेश झाला, तेव्हा मला पहिल्यांदा तुमची आठवण झाली. कायद्याने ती चोरीच, त्यावर मी वाद घालत नाही. पण बंद दाराच्या मागचं वाचायला आपण दोघं खिडकीतून शिरत होतो आणि आपल्या पेपरचं दार मात्र आपल्याच हाताने लावून घेत होतो.

तुम्ही म्हणाल, मग खुल्या चांगल्या जर्नलात छापायचं होतं. मीही तसं म्हणून पाहिलं. बुडापेस्टच्या बैठकीनंतर २००२ साली ज्यांनी मुक्त प्रकाशनाची जाहीर हाक दिली त्यांनी वाचकाच्या खिशाचा विचार केला होता. प्रकाशकांनी हिशेब पुरा केला: वाचक देत नाही ना, मग लेखकाने द्यावे. 'नेचर'ने खुल्या पेपरासाठी लेखकाकडून साडेनऊ हजार युरो मागायला सुरुवात केली, म्हणजे आठ लाख रुपयांच्या वर. ते टोकाचं उदाहरण आहे, कबूल. पण साधी, प्रामाणिक खुली जर्नलंही हजार-दोन हजार डॉलर सहज मागतात. गरीब देशांना माफी असते, आणि त्या गरिबांच्या यादीत भारत बहुतेक ठिकाणी बसत नाही. देश म्हणून आपण श्रीमंत ठरलो, त्याचा फटका अतिथी विद्वानाला. तुमच्या प्रकल्पात प्रकाशनखर्चाची ओळ असते. माझ्याकडे कुठली ओळ होती? मला जे परवडलं ते तीन हजारांचं होतं, आणि तीन हजारांत काय मिळतं ते तुम्ही पडद्यावर दाखवलंत.

मुक्त प्रकाशनाबद्दल माझीही तक्रार आहे, सर, आणि ती तुमच्यापेक्षा जुनी आहे. वाचकासाठी उघडलेल्या दाराचं भाडं लिहिणाऱ्याच्या माथी आलं, आणि ज्याला लिहायची सक्ती आहे पण पैसे नाहीत तो नेमका भामट्यांच्या हाती सापडला. भामटेही किरकोळ नाहीत. हैदराबादच्या एका प्रकाशनसंस्थेला २०१९ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने पाच कोटी डॉलरवर रक्कम भरायला सांगितली. पण पीएच.डी.ला पेपर सक्तीचा, नेमणुकीला पेपर सक्तीचा, हे नियम त्या भामट्यांनी नव्हते केले. विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच.डी.साठीची पेपरची सक्ती २०२२ मध्ये उठवली आणि २०२५ मध्ये जर्नलांची सुधारलेली यादीसुद्धा मोडीत काढली. आमची पिढी दोन्हींच्या मधे सापडली.

इतिहासाचार्य राजवाड्यांचं नाव तुम्ही भाषणात घेतलंत. त्यांनी गावोगाव भटकून दप्तरं गोळा केली, १८९८ पासून इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढले, पदरमोड करून. त्यांनीही खिशातलेच घातले की, असं तुमचं म्हणणं. हो, घातले. पण ज्याच्या माळ्यावरून दप्तर उचललं त्याच्या नातवाने वाचायला मागितलं तर चाळीस डॉलर टाक म्हणाले नसते. फुकट वाचण्याचंच म्हणाल, तर माझे आजोबा राजवाड्यामागच्या वाड्यात राहायचे. (इंदूरचा राजवाडा, पुण्यातल्या वाचकांनी गोंधळू नये.) पुण्याहून येणारा 'केसरी' वाड्यात एकच, वर्गणी एकाची, आणि तो सात बिऱ्हाडांत फिरून संध्याकाळी लिमलेटच्या पुड्या बांधायला खाली दुकानात. टिळकांची किंमत त्याने कमी झाल्याचं आमच्या घरी कुणी बोललेलं मला आठवत नाही.

कार्यशाळेच्या शेवटी तुम्ही 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या केंद्र सरकारच्या योजनेचं कौतुक केलंत. "आता सगळ्यांना सगळं मिळतं, रडायचं कारण नाही." नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ती मंजूर केली, तीन वर्षांना ६,००० कोटी, ३० प्रकाशक, १३,००० च्या आसपास जर्नलं, ६,३०० हून जास्त सरकारी संस्था. छोट्या गावातल्या सरकारी कॉलेजच्या मुलीला ज्या जर्नलांचं नावही माहीत नव्हतं ती तिच्या फोनवर उघडतात. हे मोठं काम आहे, माझी त्यावर टीका नाही. वर्षाला दीडशे कोटींपर्यंत खुल्या जर्नलांच्या फीसाठीही ठेवलेत, तेही बरं. पण तुमच्या 'सगळ्यांना'मध्ये कोण कोण येतं ते एकदा खंडवा रोडला येऊन पाहा. फाटकाच्या आत सरकारी संस्थेतल्या मुलाच्या फोनवर आपला पेपर पूर्ण उघडतो. तोच मुलगा नाव कमी करून फाटकाबाहेर आला, चौकात पोह्यांच्या गाडीपाशी उभा राहिला, की त्याच फोनवर कुलूप. सेव-जिरावण टाकून पोहे खाता खाता मी स्वतः हे करून पाहिलंय, एका विद्यार्थ्याचं लॉगिन असताना आणि नसताना. खासगी महाविद्यालयं पहिल्या टप्प्यात नाहीत. कोचिंग तर कुठल्याच टप्प्यात येणार नाही. पत्रकार, वकील, पंचायतीचा सचिव, सतरा नंबरच्या विहिरीचा मालक, कुणीच नाही. सहा हजार कोटींत आपण आत बसलेल्यांसाठी कुलपाच्या किल्ल्या विकत घेतल्या.

ज्यांनी पाणी दिलं त्यांना किल्ली नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. मोठ्या चळवळींचं, धोरणांचं मला आता फार कळतही नाही.

सर, तुमच्यावर माझा राग किती आणि तुमचं ऋण किती याचा हिशेब मला या पत्रातही जमलेला नाही. पिपेट तोंडाने ओढायची नाही हे तुम्ही पहिल्या दिवशी ओरडून शिकवलंत. माझ्या वडिलांच्या आजारपणात दोन महिने हजेरीपटावर माझी सही होती आणि ती मी केलेली नव्हती. म्हणूनच ती स्लाइड मनाला लागली. परक्याने हसवलं असतं तर मी चहाला थांबले असते.

आपल्या पेपराचा स्वीकारलेला मसुदा जुन्या सीडीवर होता, तो उघडला. तक्ते शाबूत आहेत. मी तो खुल्या भांडारात चढवणार आहे, आणि त्याच्यासोबत हिंदीत दोन पानं लिहिली आहेत: कुठल्या विहिरीत काय निघालं, नायट्रेट म्हणजे काय, आणि पाणी उकळून उपयोग का नाही. आकडे पंधरा वर्षांपूर्वीचे आहेत, पुन्हा तपासून घ्या, हे पहिल्याच ओळीत लिहिलंय. दोन्हींच्या छापील प्रती घेऊन तो मुलगा आणि मी येत्या रविवारी गावात जाणार आहोत. तुमचं नाव पहिलं आहे, जसं छापलं होतं तसंच. कशावरही पट्टी मारलेली नाही.

तुमची हरकत असेल तर शनिवारपर्यंत कळवा. यायचं असेल तर सकाळी सातला चौकातून निघू, नंतर ऊन फार होतं.

आपली विद्यार्थिनी

ता. क. शीर्षकातली स्पेलिंगची चूक माझी नव्हे. मी पाठवलेल्या फाइलमध्ये ते बरोबर होतं. त्यांनी प्रूफ दाखवलंच नव्हतं.